‘स्मशानातील सोनं’ वाचून प्रतिसाद कसा लिहायचा

‘कथा वाचून मन हेलावले’ हे वाक्य आधी खोडा. मी रात्रशाळेत मराठी शिकवते. दरवर्षी निम्म्या वह्या याच वाक्यानं सुरू होतात आणि त्यात ना भीमा दिसतो, ना लिहिणारा.

अण्णा भाऊ साठ्यांची ही कथा एका बैठकीत वाचा, पेन लांब ठेवून. गोष्ट सांगायला दोन ओळी पुरे: पोटासाठी मुंबईला आलेला धिप्पाड भीमा खाणीत राबतो, खाण बंद पडते, मसणातल्या राखेत सोनं सापडतं आणि पुढे तो पुरलेली मढी उकरायला लागतो. झालं. आता स्वतःकडे वळा.

मढ्याच्या जबड्यात भीमाची बोटं अडकतात, तिथे बहुतेकांच्या अंगावर काटा येतो. पण नुसत्या काट्यावर पान भरत नाही. त्या घटकेला आपण कोणाच्या बाजूनं होतो, ते आठवा. मी तर सरळ भीमाच्या बाजूनं होते. मेलेल्याच्या घरच्यांचा विचारसुद्धा शिवला नाही मला. सोनं हाती लागावं आणि हा सुटावा, एवढंच वाटत होतं. असलं काही कबूल करायला हात अडखळतो ना, तिथेच थोडं जास्त लिहा.

शेवटी भीमाची दोन बोटं कापावी लागतात आणि त्याच दिवशी खाण सुरू झाल्याची बातमी येते. हमाली करणारा एक विद्यार्थी म्हणाला, “बाई, बोटं गेली ते एक वेळ चाललं असतं. खाण सुरू व्हायला नको होती.” म्हटलं, हेच लिही, असंच. त्यानं अर्धं पान पकडीवर लिहिलं: गोणीत आकडा घालून ती पाठीवर घेताना कुठल्या बोटावर किती जोर येतो, दोन बोटं नसतील तर मुकादम कामाला उभं करेल का. रडणं हा शब्द त्यात कुठेच नव्हता. त्या वर्षी मी सगळ्यात जास्त गुण त्याला दिले.

कथेतलं वाक्य उद्धृत करायचंच तर एकच, आणि पुस्तकातून बघून. ‘लेखकाने प्रभावीपणे मांडले आहे’ टाळा. राग आला असेल तर कोणाचा, ते नाव घेऊन लिहा: भीमाचा, खाण बंद करणाऱ्यांचा, की ती बातमी नेमकी त्याच दिवशी आणणाऱ्या अण्णा भाऊंचा? लेखकावर चिडलात तरी मी गुण कापत नाही.