पाऊस आणि तापमान मोजताय? मग या चुका टाळा

जून लागला की आमच्याकडं प्रत्येक ग्रुपवर तेच सुरू होतं. कुणी म्हणतं ८० मिमी झाला, कुणी म्हणतं शंभर, आणि कुठं मोजला विचारलं की उत्तर येतं, गच्चीवर बादली ठेवली होती. मी लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी बारा वर्षं झाली रोज सकाळी पाऊस मोजून वहीत लिहितोय, आणि त्याच त्या चुका बघून आता खरंच जीव मेटाकुटीला आलाय.

सगळ्यात घातक चूक आधी सांगतो, कारण ती डोळ्याला दिसत नाही. पर्जन्यमापक एक आणि मोजायचा ग्लास दुसऱ्याच मापकाचा. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर बरोबर १ लिटर पाणी. मापकाचं तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं असेल तर १ मिमीला २० मिली पाणी जमतं, १०० चं असेल तर १० मिली. ग्लासवरच्या रेघा त्या हिशोबानं मारलेल्या असतात, त्यामुळं ग्लास बदलला की सगळा हिशोबच बदलतो.

शेजारच्या गावात एक काका आहेत, माझ्यासारखेच रोज मोजणारे. त्यांचा ग्लास ऐन पावसाळ्यात फुटला, पोरानं तालुक्यावरून दुसरा आणला, त्यावर मिमीच्या रेघा होत्या म्हणून कुणाला शंका आली नाही. सप्टेंबरात एका रात्री दणकून पाऊस झाला आणि सकाळी काकांचा आकडा आला ६८. आता २४ तासांत ६५ मिमीच्या पुढं गेलं की अतिवृष्टी धरतात आणि पिकाच्या भरपाईचा विषय निघतो हे इथल्या लेकरालाबी माहिती, आणि सोयाबीन तर काढणीला आलेलं. पण महसूल मंडळाचा, म्हणजे सरकारी मापकाचा, आकडा आला ३१. गाव पेटलं, आकडा दाबला म्हणून तलाठ्याला चावडीवर धारेवर धरलं, निवेदनावर सह्या सुरू झाल्या. काकांनी मला फोन केला, "दादा, तू येऊन बघ, माझं यंत्र खोटं बोलत नाही."

गेलो. जनावराला इंजेक्शन देतात ती २० मिलीची सिरिंज होती त्यांच्या गोठ्यात, ती धुवून पाण्यानं भरली आणि ग्लासात रिकामी केली. पाणी २ च्या रेघेवर. मापकाचं तोंड पट्टीनं मोजलं, १६ सेंटीमीटर, म्हणजे २०० चौरस सेंटीमीटरचा मापक आणि ग्लास १०० वाल्याचा. खरा पाऊस ३४ होता. दोन गावांत ३१ आणि ३४ एवढा फरक तर असतोच. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून स्वतः चावडीवर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की माझाच ग्लास चुकला. त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

तेव्हापासून माझी सवय अशी की मृगाच्या आधी एकदा सिरिंजनं ग्लास तपासायचा. तोंडाचा व्यास सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग ०.७८५ नं गुणा आणि १० नं भागा, तेवढे मिली म्हणजे १ मिमी. पाच मिनिटांचं काम आहे, पण नवीन पोरांना तेवढाबी दम नसतो, यंत्र आलं की दुसऱ्या दिवशी ग्राफ स्टेटसला पाहिजे.

जागेचं थोडक्यात सांगतो. कडुलिंबाखाली नको, पत्र्याच्या पन्हाळीजवळ नको, गच्चीवर तर नकोच, तिथं वारा भोवरा घेतो आणि थेंब तोंडावरून उडून जातात. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब मापक ठेवा, काठ आडवा सपाट पाहिजे. नरसाळ्यात कोळी जाळं करतो आणि पानं अडकतात, ते आठवड्याला बघा.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे मे महिन्यातले ४९-५० डिग्रीचे फोटो. थर्मामीटर पत्र्याच्या शेडला टांगलेला, वरून ऊन, मागं तापलेली भिंत. उन्हातला थर्मामीटर हवेचं तापमान सांगतच नाही, तो स्वतः किती तापलाय ते सांगतो. हवामान केंद्रात झडपांची पांढरी लाकडी पेटी असते, स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात, थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश इंजिनिअरच्या नावावरून. आतला थर्मामीटर जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो, आणि आपल्याकडं दार उत्तरेला असतं म्हणजे उघडलं तरी ऊन आत येत नाही. पेटी परवडत नसेल तर मी केलं तसं करा, पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा-सात ताटल्या बोटभर फट ठेवून एकावर एक लांब स्क्रूनं जोडल्या, मधल्यांना भोक पाडलं आणि आत सेन्सर टांगला. खाली फरशी नाही, माती पाहिजे. असं केलं की तो ४९ चा आकडा बराच खाली येतो आणि मग लोक म्हणतात सेन्सर बिघडला. बिघडला नाही, आता कुठं बरोबर दाखवायलाय.

मोबाईलमध्ये हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कल (म्हणजेच मिलिबार) दिसला म्हणून चक्रीवादळ आलं असं पसरवू नका. समुद्रसपाटीला १०१३ च्या आसपास असतो आणि दर ९ मीटर चढलं की साधारण १ नं कमी होतो. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं ९५० हा रोजचाच दाब आहे.

पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, तिकडं जाणारा नाही.

वेळ पण पाळा. आपल्याकडं २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहितात, म्हणून १४ च्या संध्याकाळचा पाऊस सरकारी तक्त्यात १५ ला दिसतो. यावरून केवढी भांडणं पाहिलीत मी. पण वीज कडाडत असेल तर साडेआठची वेळ गेली खड्ड्यात, घरातच थांबा. वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, दर ३ सेकंदाला वीज एक किलोमीटर लांब. आणि गडगडाट नुसता ऐकू आला तरी तुम्ही धोक्यातच आहात, मापकातलं पाणी तासाभरानं मोजलं तरी चालतं, तेवढी वेळ वहीत लिहून ठेवा.

शेवटचं, कोरड्या दिवशी वहीचा रकाना रिकामा सोडू नका, ०.० लिहा. रिकामा रकाना बघून पुढच्या वर्षी कळत नाही की पाऊस नव्हता का तुम्ही सोयऱ्याच्या लग्नाला गेला होतात.