भाताच्या पेजेत रेणूंची ओळख कशी पाहावी

एक रेणू दुसऱ्या रेणूला ‘ओळखतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यामागे दोनच गोष्टी असतात: दोघांचे आकार एकमेकांत बसणे, आणि जवळ आल्यावर त्यांच्यात पुष्कळशी क्षीण आकर्षणे एकाच वेळी जुळून येणे. भाताची पेज आणि जखमेवर लावायचे आयोडीन एवढ्या साहित्यावर ही ओळख स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहता येते. तिचे मर्म मात्र कोण कोणाला धरतो यापेक्षा कोण कोणाला नाकारतो यात अधिक दिसते, म्हणून खालील कृतीतील नकाराचे प्रयोग कृपया गाळू नयेत.

आधी पेजेचे वरचे पाणी गाळून पूर्ण थंड करावे आणि त्याच्या एका वाटीस चार वाट्या साधे पाणी घालून त्यातली एक वाटी पेज घ्यावी. दुसऱ्या वाटीत साखरेचे पाणी घ्यावे आणि तिसरीत साध्या पाण्यात भिजवलेला औषधी कापसाचा बोळा ठेवावा. पोव्हिडोन-आयोडीनच्या द्रावणाचे आठ-दहा थेंब अर्ध्या वाटी पाण्यात मिसळून फिकट तपकिरी पाणी तयार करावे आणि त्याचे दोन-दोन चमचे तिन्ही वाट्यांत सोडावेत. पेज क्षणार्धात गडद निळी होते. साखरेचे पाणी पिवळसरच राहते, आणि कापसावर पडलेला तपकिरी डाग स्वच्छ पाण्याने धुतल्यावर निघून जातो.

येथे थोडे थांबून विचार करावा, कारण पेजेतील स्टार्च आणि कापसातील सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच लांब साखळ्या आहेत. फरक आहे तो कड्या जोडण्याच्या पद्धतीत. स्टार्चमधील अमायलोज या घटकात प्रत्येक जोड साखळीला एकाच बाजूला वळवत नेतो, त्यामुळे तिला मळसूत्रासारखे वेटोळे पडते. एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज असतात आणि मधोमध एक अरुंद बोगदा तयार होतो. या बोगद्याचा आतला भाग पाण्याला फारसा जवळ करत नाही आणि त्याची रुंदी आयोडीनच्या अणूंची रांग सामावून घेण्याइतकीच असते. अशा रांगेत बसलेले आयोडीन प्रकाशाचा नारिंगी-तांबडा भाग शोषून घेते, म्हणून आपल्याला निळा रंग दिसतो. सेल्युलोजमध्ये मात्र प्रत्येक पुढचे ग्लुकोज उलटे होऊन जोडलेले असते, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट चिकटते आणि बोगदा उरतच नाही. साखरेचा रेणू तर बोगदा होण्याच्या मानाने फारच लहान आहे.

रेणू एकमेकांत कसे बसतात यासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली, तीही शर्करांच्या अशाच जोडांमधला भेद विकरे (एन्झाइम) कसा ओळखतात हे सांगताना. अमायलोजच्या बाबतीत ती थोडी सैल करून घ्यावी लागते, कारण आयोडीन येण्यापूर्वी ही साखळी पाण्यात बरीचशी अस्ताव्यस्त असते आणि आयोडीनभोवती ती नीट वेटोळी होते. म्हणजे कुलूप किल्लीला पाहून आकार घेते.

ही पकड क्षीण आकर्षणांची आहे हे पाहायचे असेल, तर निळी पेज वाटीसह गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी. रंग फिकट होत जातो आणि वाटी थंड पाण्यात ठेवताच परत येतो. पेज थेट गॅसवर उकळू नये, कारण आयोडीन वाफेबरोबर निघून जाते, रंग नीट परतत नाही आणि ती वाफ डोळ्यांना व घशाला त्रासदायक असते. लिंबाच्या रसानेही रंग जातो, परंतु तेथे ‘क’ जीवनसत्त्व आयोडीनचे आयोडाइडमध्ये रूपांतर करते, म्हणजे बोगद्यातला पाहुणाच बदलतो. त्याला पकड सुटणे म्हणू नये. आणखी एक फसगत टाळावी: खळ केलेले सुती कापड किंवा छपाईचा कागद निळा पडला, तर तो रंग सेल्युलोजचा नसून त्यावरील स्टार्चचा असतो.

शेवटी लाळेतील अमायलेज या विकराची निवड पाहावी. अर्धी वाटी पातळ पेजेत, आयोडीन न घालता, चमचाभर लाळ मिसळून वाटी कोमट पाण्यात ठेवावी. पांढऱ्या बशीवर आयोडीनच्या पाण्याचे थेंब ओळीने मांडून दर मिनिटाला त्यांपैकी एकात या मिश्रणाचा थेंब टाकावा. निळ्याचा जांभळा, मग तांबूस आणि शेवटी पिवळसर असा उतरता रंग दिसतो, कारण विकर साखळी कापत जाते आणि तुकडे आयोडीनला धरण्याइतके लांब राहत नाहीत. हेच विकर कापसाच्या सरळ साखळीला हात लावत नाही; गवत पचवण्यासाठी गाईलाही पोटातील सूक्ष्मजीवांची वेगळी विकरे लागतात.

सोबत दुसऱ्या वाटीत उकळून थंड केलेली लाळ घालून तोच प्रयोग करावा. उष्णतेने विकराची घडी मोडते, म्हणून तेथील थेंब शेवटपर्यंत निळेच राहिले पाहिजेत. तेही फिकट होत असतील, तर लाळ पुरेशी उकळलेली नाही किंवा चमचा दोन्ही वाट्यांत फिरला आहे असे समजून पुन्हा सुरुवात करावी. आयोडीन लागलेले काहीही खाऊ नये, आणि लहान मुलांनी हा प्रयोग मोठ्यांसोबतच करावा.