अमेरिकन कॉलेजांना मिड-इयर मार्क पाठवताय? या चुका टाळा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रेग्युलर डिसिजनचे, म्हणजे नेहमीच्या मुदतीतले, फॉर्म गेले की घरात सगळे हुश्श करतात, एसे झाले, फी भरली, आता थेट मार्चअखेर निकाल बघायचा. पण अजून एक कागद जायचा राहिलेला असतो, मिड-इयर रिपोर्ट, म्हणजे बारावीच्या वर्षात आत्तापर्यंत कसे मार्क पडलेत त्याचा हिशोब, आणि बरीच कॉलेजं तो साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मागतात. अमेरिकेतल्या शाळेत काउन्सेलर असतो, तो दरवर्षी हेच करतो, मुलांना फारसं बघावंही लागत नाही. आपल्याकडे बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत हे काम नक्की कोणाचं हेच ठरलेलं नसतं, म्हणून ते करून घ्यायची जबाबदारी मुलावर येते. करायचं मात्र कॉलेजनेच.

सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच होते. मुलगा कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायची वेबसाइट) अपलोडचं बटण शोधत बसतो, सापडत नाही, मग मार्कशीटचा फोटो काढून अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करतो, कधीकधी वडीलच करतात. असा कागद अधिकृत धरत नाहीत. रिपोर्ट जातो तो काउन्सेलरच्या लॉगिनमधून, तुमच्या नाही. काउन्सेलर नसेल तर प्रिन्सिपल, व्हाइस प्रिन्सिपल किंवा ज्यांनी आधी तुमचा स्कूल रिपोर्ट, म्हणजे अर्जासोबत शाळेकडून जाणारा फॉर्म, भरला ते सर किंवा मॅडम, त्यांच्याच लॉगिनमध्ये तुमच्या नावापुढे मिड-इयर रिपोर्टचा फॉर्म दिसतो. तो दिसत नसेल तर आधी स्कूल रिपोर्ट खरंच सबमिट झालाय का ते बघायला सांगा, कितीतरी वेळा तो अर्धवट सेव्ह होऊन पडलेला असतो.

अपवाद आहेत, आणि ते माहीत पाहिजेत. एमआयटी कॉमन अ‍ॅपवर नाही, तिथे फेब्रुवारी अपडेट्स अँड नोट्स नावाचा फॉर्म असतो आणि तो मुलाने स्वतः भरायचा असतो, त्यामुळे 'प्रिन्सिपल मॅडम करतील' म्हणून थांबलात तर तो राहूनच जाईल. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसना मिड-इयर रिपोर्ट लागतच नाही, तिथे अर्जात मार्क तुम्हीच लिहिलेले असतात आणि अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजने दिलेला मार्कांचा दाखला) अ‍ॅडमिशन मिळाल्यावर मागतात. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं पेज स्वतः वाचा, मैत्रिणीने काय केलं त्यावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट वेळेची. आपलं वर्ष जूनला सुरू होतं, फर्स्ट टर्म दिवाळीच्या आसपास संपते, आणि ते मार्क अनेकदा स्कूल रिपोर्टसोबत आधीच गेलेले असतात. मग जानेवारीत तीच मार्कशीट परत पाठवून काय उपयोग, कॉलेजला नवीन काहीच कळत नाही. अशा वेळी प्रिलिमचे मार्क पाठवायचे, सीबीएसईवाल्यांनी प्री-बोर्डचे. प्रिलिमचे पेपर तपासून व्हायला उशीर असेल तर हातात आहे ते वेळेत पाठवा आणि प्रिलिमचा निकाल कधी लागेल ते काउन्सेलरने एका ओळीत लिहावं. पण हे सगळं ऑफिसशी डिसेंबरमध्येच बोलून ठेवा, कारण जानेवारीनंतर तिथे प्रॅक्टिकल, हॉल तिकीट, बोर्डाची कामं यांचा इतका गोंधळ असतो की क्लार्कला तुमचं काम करावंसं वाटलं तरी वेळ मिळत नाही. आणि नुसतं 'ट्रान्सक्रिप्ट द्या' म्हणू नका, एलसी किंवा बोनाफाईड हातात पडेल. नमुना करून न्या: लेटरहेडवर विषय, मिळालेले मार्क, एकूण मार्क, परीक्षेचं नाव, खाली सही आणि गोल शिक्का, सगळं इंग्रजीत. टाइप केलेली फाइल पेन ड्राइव्हवर दिली की ऑफिसला फक्त पडताळून प्रिंट काढायची राहते.

मार्क ४.० च्या जीपीएत, म्हणजे अमेरिकन सरासरी गुणांच्या मापात, बसवून देऊ नका, ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरून तर नाहीच. १०० पैकी ७८ असतील तर १०० पैकी ७८ असंच लिहायचं, भारतातले अर्ज वाचणाऱ्यांना आपले बोर्ड माहीत असतात. प्रिलिम मुद्दाम कडक तपासत असतील तर ते काउन्सेलरनेच लिहावं, वर्गात सगळ्यात जास्त किती पडले तेही टाकलं तर चित्र स्पष्ट होतं.

आता एक नाजूक विषय. इंटिग्रेटेड कॉलेजातली मुलं दिवसभर क्लासला असतात, टर्मची परीक्षा दिलेलीच नसते, आणि मग कोणीतरी सुचवतं की मार्क टाकून घेऊ, कोण बघतंय. हे अजिबात करू नका. मे महिन्यात बोर्डाचा निकाल लागल्यावर फायनल रिपोर्ट जातो, तिथे दरी दिसली की प्रश्न येतात, आणि खोटे कागद म्हणजे मिळालेली अ‍ॅडमिशनसुद्धा रद्द होऊ शकते. त्यापेक्षा अमेरिकेचं ठरत असेल तर अकरावीपासूनच कॉलेजच्या परीक्षांना बसा.

नावाचा घोळ आपल्या मराठी मुलांचा खास. मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर वेगळा क्रम. तिकडे पहिला शब्द म्हणजे मुलाचं नाव असं समजून फाइल लावली जाते आणि कागद भलत्याच नावाखाली जातो. लेटरवर पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख आणि कॉमन अ‍ॅपचा आयडी टाकला की हा त्रास वाचतो.

पाठवल्यावर कॉलेजच्या पोर्टलवर (तुमच्या अर्जाची स्थिती दाखवणाऱ्या पानावर) लगेच टिक आली नाही तर घाबरून तेच परत मेल, कुरिअर असं करत सुटू नका, नोंद व्हायला एखाद-दोन आठवडे सहज लागतात. त्यानंतरही 'मिळालं नाही' दिसत असेल तर आधी काउन्सेलरकडून खात्री करा आणि मग पोर्टलवरूनच दोन ओळींचा मेल करा, रिपोर्ट कोणत्या तारखेला गेला ते लिहून.

डिसेंबरमध्ये अर्ली डिसिजनला, म्हणजे लवकरच्या बंधनकारक फेरीत, निवड झालेल्यांनाही साधारणपणे हा रिपोर्ट द्यावाच लागतो, आणि डिफर झालेल्यांसाठी, म्हणजे ज्यांचा निर्णय पुढच्या फेरीवर ढकललाय त्यांच्यासाठी, तर नवीन मार्क हीच कॉलेजला दाखवण्यासारखी सगळ्यात ठोस गोष्ट. जाताजाता प्रिन्सिपल मॅडमना हेही विचारून ठेवा की मेमध्ये सुट्टीत त्यांचं लॉगिन कोण बघणार, कारण फायनल रिपोर्ट तिथूनच जायचाय.