घरी बनवलेली ब्रशलेस मोटर तापत असेल, तर तार बदलण्यापूर्वी काय तपासावे

सांगली-कुपवाड भागात रिवाइंडिंगच्या दुकानांतून जुन्या पंख्यांचे स्टेटर (तार गुंडाळलेला स्थिर लोखंडी भाग) मिळतात आणि त्यांवर चुंबक बसवलेला रोटर (फिरणारा भाग) चढवून ब्रशलेस मोटर, म्हणजे ब्रशऐवजी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरने चालणारी मोटर, तयार करता येते. अशी मोटर तापू लागली की बहुतेक जण लगेच जाड तार भरायला घेतात. उष्णता तांब्यात निर्माण होते की लोखंडात, हे मोजल्याशिवाय तसे करू नये.

प्रथम वाइंडिंगचा रोध मोजावा. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो, म्हणून 12 व्होल्टची बॅटरी आणि मोटारसायकलचा किंवा गाडीचा हेडलाइट बल्ब मोटरच्या दोन टोकांशी एकसरीत जोडून प्रवाह वाचावा आणि थेट त्या टोकांवरचा व्होल्टेज घ्यावा. 4.5 अँपिअरला 0.45 व्होल्ट आले, तर रोध 0.1 ओहम. त्यावरून 15 अँपिअर भाराला तांब्यातील नुकसान 15 × 15 × 0.1, म्हणजे 22.5 वॅट होते.

यानंतर मोटर पाटाला घट्ट आवळून, बॅटरीच्या वायरीत फ्यूज घालून, कंट्रोलर पूर्ण वेगावर ठेवून ती भाराविना चालवावी. समजा 24 व्होल्टला 2 अँपिअर लागले, तर 48 वॅट खर्च झाले आणि त्यांपैकी तांब्याचा वाटा अर्धा वॅटही नाही; उरलेले बहुतेक लोखंडात आणि बेअरिंगमध्ये गेले. येथे जाड तार भरून काहीही साधत नाही. आता हीच चाचणी 12 व्होल्टवर करावी. प्रवाह जवळपास तेवढाच राहिला, तर बेअरिंगचे घर्षण किंवा हिस्टेरेसिस (लोखंडाचे चुंबकत्व सतत उलटताना होणारे नुकसान) जबाबदार आहे. प्रवाहही निम्म्यावर आला, तर भोवरा प्रवाह, म्हणजे बदलत्या चुंबकत्वामुळे लोखंडातच गोल फिरणारी वीज. माझ्या मते सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, कारण तिला मीटरखेरीज काही लागत नाही.

पंख्याचे स्टॅम्पिंग (स्टेटरचे एकावर एक रचलेले पत्रे) 50 हर्ट्झसाठी असते. 14 चुंबकांचा रोटर मिनिटाला 3000 फेरे फिरला की लोखंडातील वारंवारता 350 हर्ट्झ होते आणि तेवढ्याच चुंबकीय घनतेला भोवरा प्रवाहाचे नुकसान 49 पट वाढते. त्यातच जळालेली कॉइल काढताना स्टेटर थेट आगीत टाकला असेल, तर पत्र्यांमधील इन्सुलेशन गेलेले असते. खाचा कानशीने घासल्या असतील, तर कडेची बारीक भुरी (घासताना उचललेली धातूची कड) एका पत्र्याला दुसऱ्याशी जोडते. भिंगाखाली कडा पाहून ती भुरी काढावी. शक्य असल्यास 0.35 मिलिमीटर सिलिकॉन स्टीलचे पत्रे वापरावेत, अन्यथा फिरण्याचा वेग किंवा चुंबकांची संख्या कमी ठेवावी.

दोष तांब्यातच निघाला, तर खाच तांब्याने अधिक भरून घ्यावी आणि वार्निश आतपर्यंत मुरवावे, म्हणजे उष्णता लोखंडाकडे लवकर जाते.

शेवटी भार देऊन मोटर थांबताच पुन्हा रोध मोजावा. 30 अंशांना 0.1 ओहम असलेला रोध 0.128 झाला, तर तांबे सुमारे 104 अंशांवर आहे. एफ वर्गाचे इन्सुलेशन 155 अंशांपर्यंत टिकते. साधे निओडिमियम चुंबक मात्र 80 अंशांपुढे कायमचे दुबळे होऊ शकतात आणि तेवढ्याच जोरासाठी अधिक प्रवाह ओढायला लावतात. सांगलीच्या एप्रिलमध्ये हवाच 38 अंशांच्या आसपास असते, म्हणून ही चाचणी दुपारी करावी आणि रोटरचे तापमान स्वतंत्रपणे पाहावे.