गाडीचं वॅक्स घेताना डबा उलटा करून वाचा

पावसाळ्याआधी, मे संपता संपता, गाडीला वॅक्स व्हायला हवं. दुकानात जाण्याआधी गाडी बघून घ्या. रंग मॅट असेल तर नेहमीचं वॅक्स आणूच नका, चकाकणारे चट्टे पडतात आणि सहजी जात नाहीत. एखादा दरवाजा किंवा बंपर नुकताच रंगवून आणला असेल तर तेवढा भाग सोडा. गॅरेजमधला रंग आतून पूर्ण सुकायला महिना ते तीन महिने लागू शकतात. नेमकं किती थांबायचं ते रंगवणाऱ्यालाच विचारा.

आता दुकान. डबा हातात आला की उलटा करा आणि मागचं वाचा. पुढच्या चकाचक फोटोवरून काही कळत नाही. कुठेही ‘क्लीनर वॅक्स’, ‘वन स्टेप’, ‘स्क्रॅच रिमूव्हर’ किंवा ‘अ‍ॅब्रेसिव्ह’ असं दिसलं, तर आत रंग घासणारे कण आहेत असं धरून चाला. मागच्या वेळी हेच वाचायचं राहिलं, आणि काळ्या बॉनेटवरची गोल ओरखड्यांची जाळी अजून उन्हात दिसते. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा भागसुद्धा धड नाही. दर तीन महिन्यांनी असला डबा वापरलात तर दर वेळी तो थोडा झिजणार, शिवाय आधीचा वॅक्सचा थरही निघून जाणार. दुकानदार म्हणेल, ‘घ्या हो, सगळं सारखंच.’ सारखं नाही! बोटांत चोळूनही समजत नाही, कण फार बारीक असतात. वाचाच.

रंग जुना, मळकट झाला असेल तर घासणारं जरूर घ्या, पण ते एकदाच, आणि त्यावर न घासणारं वॅक्स वेगळं. म्हणजे डबे दोन, आणि दोन्ही उलटे करून वाचायचे.

प्रकार निवडताना झळाळीपेक्षा टिकाऊपणा बघा. कार्नौबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. गडद रंगावर त्याची झळाळी फार सुंदर दिसते, पण उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते जेमतेम महिना-दोन महिने टिकतं. ‘१०० टक्के कार्नौबा’ या शब्दांवर जास्त पैसे घालवू नका. निव्वळ कार्नौबा इतकं कडक असतं की हाताने पसरणारच नाही, त्यामुळे डब्यात द्रावक आणि तेलं असतातच. गाडी उघड्यावर असेल, इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात जात असेल, तर सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच लावायचं पण कृत्रिम पॉलिमरचं लेपण घ्या, चार-सहा महिने निघतात. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कडेला गाडी लावणाऱ्यांनी तर सीलंटच घ्यावं. द्राक्षांवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो. फवारा उडून गाडीवर वाळला की डाग चिवट होतात. खाली थर असला तर धुताना लवकर सुटतात. स्प्रे वॅक्स मधल्या काळात वरवर मारायला ठीक, त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नका. आणि हो, सीलंटचा डबासुद्धा उलटा करून वाचा, त्यातही ‘क्लीनर’ असतं.

डबा घरी आला की आधी दाराच्या खालच्या कडेला थोडं लावून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर थांबा. म्हणजे त्या जागी वर क्लिअर कोट नाही.

धुण्यासाठी कार शाम्पू, भांड्यांचा साबण नको. बोअरचं पाणी असेल तर धुतल्यावर लगेच पुसा, क्षारांचे ठिपके वॅक्सखाली अडकतात. धुऊनही हाताला खरखरीत लागलं तर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी फिरवा, भरपूर ओलं ठेवून. नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागाकडे रोज जाणाऱ्या गाड्यांना बहुधा लागतोच.

सावली हवी, पत्रा गार हवा. काळ्या प्लास्टिकला पेपर टेप लावा. थर पातळ, एका वेळी एकच भाग. किती वेळाने पुसायचं तेही डब्याच्या मागेच छापलेलं असतं. मायक्रोफायबरची फडकी चार-पाच ठेवा. एखादं जमिनीवर पडलं तर ते बाजूला टाका, झटकून पुन्हा वापरू नका.