मेसमधलं खरकटं कमी करायचंय? आधी पिठल्याची सोय करा

आमच्या जेवणघरात हात धुवायच्या जागेवर 'अन्न हे पूर्णब्रह्म' अशी पाटी आहे आणि बरोबर तिच्याखाली खरकट्याची निळी बादली. मी इथं मेस सुपरवायझर म्हणून लागले त्याला 14 वर्षं झाली. पाटीमुळं बादलीत एक घास कमी पडल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं हे हॉस्टेल. पटावर 420 मुलंमुली. एक काळ असा होता की रात्री बादल्या उचलायला दोन माणसं लागायची. आता एक पुरतो, तोही कुरकुरत नाही. अधूनमधून कुणी रेक्टर, कुणी मेसवाले फोन करून विचारतात, "काकू, तुमच्याकडं कसं जमलं?" त्यांना जे तोंडी सांगते तेच इथं लिहिते. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना यातलं थोडंच लागू पडेल. त्यांच्याकडं पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ असं माप वरूनच ठरलेलं असतं. आमच्याकडं माप ठरवतो आचारी, आणि आचारी घाबरलेला असतो. हे घाबरणं कळलं नाही तोवर माझी पहिली पाच-सहा वर्षं वाया गेली.

आधी तोला, पण एकत्र तोलू नका

प्राचार्यांनी एकदा मला संयुक्त राष्ट्रांचा अहवाल छापून दिला होता. 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के घराघरांत आणि 28 टक्के हॉटेलं, खानावळी, मेस असल्या ठिकाणी. वाचून जीव हळहळला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखाच 28 किलो तांदूळ शिजवला. जगाच्या आकड्यानं आपल्या पातेल्याचं काही ठरत नाही. आपला आकडा आपणच काढायचा.

भंगारवाल्याकडं असतो तसला लटकता काटा आणा. तीन बादल्या ठेवा. एकीत पातेल्यात उरलेलं, म्हणजे कुणाच्या ताटात गेलंच नाही ते. दुसरीत ताटातलं उष्टं. तिसरीत भाजीची सालं, देठं, कोथिंबिरीच्या काड्या. बहुतेक मेसमध्ये हे सगळं एकाच ड्रममध्ये जातं आणि मग मीटिंगमध्ये खापर फुटतं ते पोरांवर, "आजकालच्या पोरांना किंमत नाही." आमच्या पहिल्या आठवड्यात रात्रीच्या जेवणाला सरासरी 31 किलो उष्टं निघालं आणि पातेल्यात उरलेलं 24 किलो. त्या 24 किलोंना पोरांनी हातसुद्धा लावला नव्हता. ते आमचं, स्वयंपाकघराचं.

आठवडाभर हे करा, सोमवार ते रविवार. मधे संकष्टी किंवा एकादशी आली तर तिची नोंद वेगळी ठेवा, कारण त्या दिवशी आमच्याकडं पन्नास-साठ जण साबुदाण्याच्या रांगेत असतात आणि चपातीचं गणित बिघडतं. श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, सबमिशनचा आठवडा, मॅचची रात्र, सगळं एका वहीत. वर्षभरानं ती वही आचाऱ्याच्या अंदाजापेक्षा शहाणी होते.

आचाऱ्याची भीती

आमच्या आचाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. हाताला चव आहे, डोक्याला ताप आहे. मी त्यांना म्हटलं, "मामा, रोज 24 किलो उरतंय, पाच किलो तांदूळ कमी टाका." ते म्हणाले, "मॅडम, उरलं तर बादली बोलत नाही. कमी पडलं तर शंभर पोरं बोलतात."

खरं आहे. कुठल्याही मेसमध्ये 'उरलं' अशी तक्रार कुणी लिहीत नाही. 'भात संपला' म्हटलं की तासाभरात रेक्टर हजर. म्हणून आचारी पटावरचे 420 धरून शिजवतो आणि वर पाहुण्यांसाठी मूठभर, जेवायला मात्र 340 येतात. त्याला कमी शिजवायला सांगण्याआधी कमी पडलं तर काय करायचं याची सोय करून द्या.

आमची सोय अशी आहे. गोडाऊनच्या दाराशी एक फळी, तिच्यावर नेहमी चार किलो बेसन, चार किलो पोहे आणि अंड्यांचे तीन ट्रे. कांदे चिरून, लसूण-मिरची ठेचून तयार. माणशी 50 ग्रॅम बेसन धरलं तर दोन किलोत 40 जणांचं पिठलं होतं आणि फोडणीपासून 15 मिनिटांत पातेलं बाहेर येतं. मामांना सांगितलं, आज भाजी कमी पडली तर पिठलं टाका, तुम्हाला कुणी एक शब्द बोलणार नाही, बोलणी मी खाईन. पहिल्या महिन्यात चारदा पिठलं टाकावं लागलं. चौथ्यांदा पोरांनीच विचारलं, "काकू, आज पण भाजी संपवा ना." कांद्याबरोबरचं गरम पिठलं दुधीच्या भाजीला कधीही भारी. त्यानंतर मामा माप कमी करायला तयार झाले.

हाताची दुसरी सवय म्हणजे सगळं एकदम शिजवणं. भात आम्ही आता तीन खेपांत लावतो. साडेसातला 12 किलो, सव्वाआठला रांग बघून सहा, आणि पावणेनऊला लागला तर चार, नाहीतर नाही. गॅस थोडा जास्त जळतो हे कबूल, पण शिजवून फेकलेल्या भातालाही गॅस लागलेलाच असतो. आमटी मात्र एकदाच करा. ती उरली तरी तिचं काही करता येतं.

पोरांची भीती

आता उष्ट्याची बादली. ही मी एक दिवस जेवणघराच्या मागं स्टूल टाकून, हातमोजे घालून अक्षरशः चिवडत बसले. किळस येते, पण एकदा करा. दोडक्याच्या भाजीतले बटाटे सगळे खाल्लेले, दोडका सगळा बादलीत. हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते चपात्यांचं. अर्धी मोडलेली चपाती, कडेनं एक घास तोडलेली चपाती, तिसरीच्या खाली दडलेली अख्खी चौथी चपाती. आणि या चपात्या वाकवल्या की वळत नव्हत्या, मोडत होत्या. कारण लाटणाऱ्या मावशी चार वाजता बसायच्या, सहाला उठायच्या, आणि शेवटची पोरं जेवायला यायची सव्वानऊला.

मग मी बादलीचे दोन भाग केले. साडेसात ते साडेआठ एक, साडेआठनंतर दुसरी. उशिरा जेवणारे निम्मेसुद्धा नसतात, पण चपातीचे तुकडे त्यांच्याच बादलीत जास्त. लवकर येणारी पोरं तरी शहाणी का? तीही एकदम चार घेत होती. एकीला विचारलं, दोन घेऊन परत का येत नाहीस? म्हणाली, "परत रांगेत उभं राहिलं की वीस मिनिटं जातात, आणि तोवर संपतात." आचाऱ्याची भीती आणि हिची भीती एकच. संपेल म्हणून तो जास्त शिजवतो आणि संपेल म्हणून ही जास्त वाढून घेते.

यावर आम्ही तीन गोष्टी केल्या. दुसऱ्यांदा घेणाऱ्यांसाठी जेवणघराच्या दुसऱ्या टोकाला वेगळं टेबल, तिथं रांग नाही, फक्त चपाती, भात, आमटी. लाटणं दोन पाळ्यांत: निम्म्या मावशी पाचला बसतात, निम्म्या सातला. एक किलो कणकेच्या साधारण 32 चपात्या होतात असा हिशेब भिंतीवर लिहिलाय. उंडे मोजून ठेवता येतात आणि झाकून ठेवले तर लाटले जाईपर्यंत वाळत नाहीत. भाजलेली चपाती मात्र परत पीठ होत नाही.

तिसरी गोष्ट डाव. आमचा भाताचा डाव तोलला तर एका डावात 210 ग्रॅम भात बसायचा. वाढणारा पोरगा मनानं मोठा, तो दोन डाव टाकायचा. आमची ताटं कप्प्यांची आहेत आणि कप्पा रिकामा दिसला की वाढणाऱ्याला चैन पडत नाही. नवीन ताटांना पैसे मंजूर झाले नाहीत. डाव बदलायला कुणाची मंजुरी लागत नाही. आता 120 ग्रॅमचा डाव, एकदाच. हवा असेल तर दुसऱ्या टेबलावर कितीही घ्या. चारातला एखादा परत घेतो, बाकीचे तेवढ्यावर उठतात.

दंड करू नका

केला होता. ताटात उरलं की 20 रुपये. पंधरा दिवसांत उष्टं निम्म्यावर आलं, मी मीटिंगमध्ये टाळ्या घेतल्या. मग मुलींच्या विंगमागची मोरी तुंबली. प्लंबरनं झाकण उघडलं तर आत टिश्यूत गुंडाळलेल्या चपात्या, भाताचे गोळे. कुंड्यांतही आमटी ओतलेली. एक पहिल्या वर्षाची मुलगी दंड नको म्हणून जेवायलाच येत नव्हती, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. त्याच संध्याकाळी दंड बंद केला. बादलीजवळ माणूस उभा करणं हाही तसलाच प्रकार.

खाड्याचा नियम बदला

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वादाचं. बऱ्याच मेसमध्ये सलग तीन-चार दिवस गेलात तरच खाडा मिळतो, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते होतात. मेसवाल्याच्या दृष्टीनं हे फायद्याचं वाटतं. पण ज्या पोराला पैसे परत मिळणार नाहीत, ते 'आज मी बाहेर जेवणार' हे सांगेल कशाला? तुमच्या फायद्याच्या नियमानंच तुमची माहिती बंद केली. आम्ही एका जेवणाचासुद्धा खाडा देतो, निम्मे पैसे वळते करतो, अट एवढीच की रात्रीच्या जेवणाचं सकाळी दहाच्या आत व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलवर टिक करायचं. दहाला तांदळाचं माप काढतो, सव्वादहानंतर विनवण्या ऐकत नाही. ठेकेदार पहिले दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते. किराण्याचं बिल बघितल्यावर बोलायला लागले.

तरीही उरलं तर

पातेल्यातलं आणि ताटातलं कधीही एकत्र करू नका. उष्टं कुणाला द्यायचं नाही, मग तो कितीही भुकेला असो.

पातेल्यातलं द्यायचं तर गरम असताना द्या. 60 अंशांच्या वर किंवा 5 अंशांच्या खाली, मधल्या तापमानात अन्न दोन तासांच्या वर राहू नये, आणि हे बोट बुडवून कळत नाही, थर्मामीटर घ्या. भाताबद्दल जास्त कडक राहा. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तसाच झाकून ठेवला की ते वाढतात आणि त्यांचं विष परत गरम केल्यानं जात नाही. हे मी पुस्तकातून शिकण्याआधी एका बांधकामावरच्या वस्तीत शिकले. दुपारचा भात संध्याकाळी पाठवला होता. तिथल्या एका बाईनं झाकण उघडून वास घेतला आणि काही न बोलता पातेलं परत गाडीत ठेवलं. वाटप करणाऱ्या संस्था तुमच्या गावात असतील तर त्यांना जोडून घ्या. 2019 साली एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी वेगळे नियम केलेत. डब्यावर पदार्थाचं नाव, शिजवल्याची वेळ, शाकाहारी की मांसाहारी हे लिहायची सवय लावा.

घरात जिरवायचं तर आमटी फ्रीजमध्ये, सकाळी तिच्यात ज्वारीचं पीठ, कांदा घालून थालीपीठ. चपात्यांचा कुस्करा. भात परातीत पातळ पसरून तासाभरात गार करून फ्रीजमध्ये गेला असेल तरच फोडणीचा भात, नाहीतर टाकून द्या, तिथं जीव अडकवू नका.

राहिलं उष्टं. आमचं पूर्वी एक गवळी न्यायचा. भात-चपाती एकदम जास्त पोटात गेली की म्हशीच्या पोटात आम्ल होतं, ती रवंथ सोडते. त्याची एक म्हैस तशी आजारी पडली आणि तो यायचा बंद झाला. आता छोटा बायोगॅस आहे. शेणाऐवजी पिठूळ खरकट्यावर चालणारं हे तंत्र पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केलं, त्याला 2006 साली लंडनचा ॲशडेन पुरस्कारही मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'निसर्गऋण' त्याहून मोठा, तो मोठ्या कॅम्पसला शोभेल. आमच्या टाकीत लिंबाची सालं, अंड्यांची टरफलं, हाडं जात नाहीत, बाकीचं मिक्सरमधून काढून पातळ करून जातं. फीस्टच्या दिवशी हौसेनं दुप्पट ओतलं की टाकी आंबते आणि चार दिवस गॅस रुसतो. त्या गॅसवर सकाळचा चहा होतो, तेवढंच.

सध्या आमचं रात्रीचं उष्टं 14 किलोंवर आहे, पातेल्यातलं सहा-सातवर. दोडक्याचं अजून काही जमलेलं नाही. आणि दर वर्षी नवीन पोरं आली की पहिले तीन आठवडे बादली पुन्हा वर जाते, कारण घरून आलेल्या पोराला दुसरं टेबल खरंच रिकामं असतं यावर विश्वास बसायला वेळ लागतो. त्या दिवसांत काटा परत बाहेर काढायचा. आमचा बेसनाच्या डब्यामागं टांगलेला असतो.