जावाचा सर्व्हर अडकतोय? रिस्टार्ट मारायच्या आधी या चुका टाळा

बेळगावची पतसंस्था असो, निपाणीचं तंबाखूचं गोदाम असो नाहीतर उद्यमबागेतली फौंड्री, फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, रिस्टार्ट मारलं की चालतंय बघा, पण सांजच्याला परत अडकतंय." रिस्टार्ट मारलात म्हणजे पुरावा गेला. आता मी काय बघू?

टॉमकॅट (ज्यावर जावाचं ॲप्लिकेशन चालतं तो सर्व्हर) बंद करण्याआधी जे-स्टॅक या जावाच्या साधनाने थ्रेड डंप घ्या, म्हणजे प्रत्येक थ्रेड (एकेक काम चालवणारा धागा) त्या क्षणी कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची नोंद. एक नव्हे, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन. तिन्हींत तेच थ्रेड त्याच ओळीवर उभे दिसले तर दुखणं तिथेच आहे. मेमरीचा संशय असेल तर हीप डंपही, म्हणजे हीपची (जावाच्या वापरातल्या मेमरीची) नक्कलही घ्या. तो घेताना ॲप्लिकेशन थोडा वेळ थांबतं, हे लोकांना आधी सांगून ठेवा. आणि कृपा करून तो डंप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्यात खातेदारांची माहिती असते, डेटाबेसचा पासवर्डही सापडू शकतो.

दुसरी चूक म्हणजे अडकलं की "मेमरी लीक" (वापर संपलेली मेमरी सुटतच नाही) म्हणून मोकळं होणं. चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर असंच अडकायचं. ऐन गाळपाचे दिवस, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, ड्रायव्हर खिडकीशी येऊन शिव्या देतायत आणि ऑपरेटर सेव्ह दाबून गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलेला. अर्ध्या मिनिटाने एरर. आधीच्या पोरांनी हीप चार जीबीचा आठ केला होता. फरक शून्य, कारण हीप अर्धा रिकामाच होता.

ते अर्धं मिनिटच सगळं सांगत होतं. हिकारी पूल म्हणजे डेटाबेसची कनेक्शन तयार ठेवून वाटणारी लायब्ररी. त्यात काही बदललं नसेल तर 10 कनेक्शन असतात आणि कनेक्शन मिळालं नाही तर 30 सेकंदांनी एरर येते. थ्रेड डंपमध्ये झाडून सगळे थ्रेड कनेक्शनची वाट बघत उभे. कोड उघडला तर कनेक्शन क्लोज करायची ओळ ट्राय ब्लॉकच्या अगदी शेवटी! पावती क्रमांक दुबार आला की एक्सेप्शन, म्हणजे कोड मध्येच तुटायचा, आणि ती ओळ चालायचीच नाही. एक दुबार पावती, एक कनेक्शन गायब. दहा झाल्या की काटा बंद. दुबार का, तर दोन काटे एकाच क्षणी "सगळ्यात मोठा क्रमांक अधिक एक" काढायचे. म्हणून गर्दी झाली की हमखास.

कनेक्शन आपोआप क्लोज करणारी ट्राय-विथ-रिसोर्सेस ही सोय जावा 7 पासून, म्हणजे 2011 पासून आहे. तरी पोरं हाताने क्लोज लिहितात. पूल शंभरचा केलात तर दहाव्याऐवजी शंभराव्या दुबार पावतीला अडकेल, एवढंच. हिकारीतली लीक शोधायची सोय मुळात बंद असते. मी ती साठ सेकंदांवर लावतो. त्याहून जास्त वेळ परत न आलेलं कनेक्शन कुठल्या ओळीवरून घेतलं, ते लॉगमध्ये येतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

हीपचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होणारच, घाबरू नका. फुल जीसी (जावाने नको ती मेमरी झाडून मोकळी करणं) झाल्यानंतरची खालची पातळी दिवसागणिक चढत असेल तरच लीक म्हणा, आणि डंप एक्लिप्स मॅट या डंप तपासायच्या साधनात उघडा. बहुतेकदा वर कुठलातरी स्टॅटिक हॅशमॅप (प्रोग्राम चालू असेपर्यंत मेमरीत राहणारा साठा) बसलेला असतो, ज्याला कोणीतरी "कॅशे" असं नाव दिलेलं असतं.

पाचशे खातेदारांच्या यादीसाठी पाचशे एक क्वेरी (एक यादीची, मग प्रत्येक खातेदाराची एकेक) जात असतील तर दोष हायबरनेटचा, म्हणजे क्वेरी तयार करून देणाऱ्या लायब्ररीचा नाही. एसक्यूएल लॉग चालू करून एकदा डोळ्यांनी बघा तरी.

नावाचा शोध. आपल्याकडे नाव मराठीतही हवं, कन्नडमध्येही हवं, म्हणून दोन्ही रकान्यांवर शोधशब्दाच्या पुढेमागे टक्क्याची खूण (म्हणजे तिथे काहीही चालेल) टाकून शोधतात. पुढची खूण आली की साधा इंडेक्स (डेटाबेसची शोधसूची) निकामी. त्यात शोधायचं काय, तर "पाटील". सभासद क्रमांकाने शोधा.

मार्चअखेरचा अहवाल. जावाला मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर, वेगळं सांगितलं नाही तर, सगळा निकाल एकदम मेमरीत ओढतो. वर्षभराचे व्यवहार एका दमात मागाल तर सर्व्हर बसणारच.

कोडमध्ये हाताने जीसी बोलावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, ती ओळ पुसून टाकतो.

नव्या सर्व्हरवर आउट-ऑफ-मेमरी झाल्यावर आपोआप हीप डंप पडण्याचा पर्याय मी पहिल्याच दिवशी लावतो. फक्त फाइल डेटाबेसच्या डिस्कवर पडू देऊ नका. ती डिस्क भरली की डेटाबेसही बसतो, आणि मग फोन मला येतो.